पाचव्या घरचं पीठ

मी अंगणवाडी सेविका. बेंबळीत आमची अंगणवाडी आहे, आणि गेली एकोणीस वर्षं माझं काम म्हणजे मोजणं. पोरांचं वजन, उंची, दंडाचा घेर. दर महिन्याला तक्त्यावर ठिपका द्यायचा आणि रेघ वर चालली आहे की खाली ते बघायचं. त्यामुळे कुणी ‘देवीची कृपा’ म्हणालं की माझ्या तोंडावर जे उमटायचं ते लपवणं मला कधी जमलं नाही. अशी मी, आणि लग्न होऊन आले ती नेमकी आराध्यांच्या, म्हणजे देवीच्या नावाची माळ घालणाऱ्यांच्या घरात. आता मीच देवीच्या कृपेबद्दल लिहायला बसले आहे म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या चार बाया तरी तोंडाला पदर लावून हसतील. हसू देत. जे झालं ते जसंच्या तसं सांगते, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांच्या गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळजाभवानीच्या नावाची कवड्यांची माळ आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी परडी, म्हणजे देवीची वेताची टोपली, हातात घेऊन त्या पाच घरी जोगवा मागायला जात. ‘आई राजा उदो उदो’ ही त्यांची हाक पार वेशीपर्यंत ऐकू यायची. घरोघरच्या बाया परडीत मूठभर पीठ, चिमूटभर मीठ घालायच्या. ते पीठ घरी आणून शिजवायचं आणि पहिला घास आत्याबाईंनी घ्यायचा, मग बाकीच्यांनी. यात कधी खंड नाही. आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं हेही सांगून टाकते. ‘हिला देव न्हाय दिसत, काटा दिसतो,’ असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. काटा खोटं बोलत नाही आत्याबाई, असं मीही ठसक्यात म्हणायचे. घरातली माणसं दोघींच्या मधून वाट काढत जेवायची.

श्रावणात एका सकाळी आत्याबाई अंगण झाडता झाडता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. लकवा मारला होता. धाराशिवला दवाखान्यात नेलं. महिन्याभरात हात हलायला लागला, पाय टेकायला लागला, बोबडं का होईना बोलणं सुरू झालं, पण गिळणं मात्र गेलं ते गेलंच. नाकातून पोटात नळी घातली. घरी पाठवताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, की हातापायाचे स्नायू लुळे पडतात तसे घशाचेही पडतात. घसा वेळेवर वर उचलला गेला नाही की पोटात जायचं ते छातीत जातं. सगळ्यात धोक्याचं पाणी, कारण ते सगळ्यात लवकर पळतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजनं डाळीचं पाणी, दूध, पातळ पेज नळीतून सोडायची, हे काम मी कुणाला करू दिलं नाही. इतकं चोख करत होते, की त्याचा मला थोडा गर्वच झाला होता.

आत्याबाईंना नळीचा फार राग होता. भूक भागत होती, पण तोंड कोरडंच. मंगळवार आला की त्या खुंटीवरच्या परडीकडे बघत बसायच्या आणि त्यांच्या डोळ्यातून पाणी यायचं. या बाईच्या डोळ्यात पाणी मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. एका मंगळवारी मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि आयुष्यातला पहिला नवस बोलले. घटस्थापनेला आत्याबाईंनी जोगव्याचा घास स्वतःच्या तोंडानं खाल्ला पाहिजे, तसं झालं तर मी स्वतः परडी घेऊन पाच घरी जोगवा मागेन. आज विचार केला की कळतं, तो नवस नव्हताच, फर्मान होतं. तारीखसुद्धा मीच टाकली होती.

घटस्थापनेच्या दिवशी घट बसला, आरती झाली. शेजारच्या काकूंनी तुळजापूरहून तीर्थ आणलं होतं. सगळ्यांना पळी पळी देत मी आत्याबाईंपाशी आले. त्यांनी उजव्या हाताचा खोंगा केला, खाली कापरा डावा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी तीर्थ देणार नाही असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. आमच्याकडे निर्जळी उपास असला तरी तीर्थ चालतं, त्यानं उपास मोडत नाही. तीर्थ म्हणजे काही खाणंपिणं नव्हे. लहानपणापासून हे अंगात इतकं मुरलेलं, की जे उपासाला बाधत नाही ते घशाला बाधेल हे माझ्या मनात आलंच नाही. शिवाय नवसाची तारीख आजचीच होती. मी एक पळी त्यांच्या हातावर घातली. त्यांनी ते ओठाला लावलं, एकदम ठसका लागला, डोळे पांढरे झाले, आणि मग हळूहळू सावरल्या. सगळे उदो उदो म्हणाले. तीर्थ तर उतरलं, आता घासही उतरेल, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. श्वास घेताना छातीतून घरघर यायला लागली. पुन्हा धाराशिव. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तोंडातून काही दिलंत का. मी ठामपणे नाही म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते, हेच तर त्यातलं वाईट आहे. इतकी व्यवस्थित वही ठेवणारी बाई नाही म्हणते म्हटल्यावर ते तापाचं कारण दुसरीकडे शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेपाशी नर्स कुणाला तरी सांगत होती, की अशा पेशंटला थेंबभर पाणीसुद्धा छातीत जाऊ शकतं. ते ऐकलं आणि मी तशीच उठले. मी डॉक्टरांना गाठून पळीभर तीर्थाचं सांगितलं. ते रागावले नाहीत. मान खाली घालून कागदावर लिहिलं, औषध बदललं आणि निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आत्याबाई पंधरा दिवस दवाखान्यात होत्या. त्यातले चार दिवस तर आम्ही आशा सोडली होती. मी खाटेजवळ बसून देवीशी भांडत होते. तुझंच तीर्थ, तुझ्याच माणसाच्या छातीत गेलं, आणि हात माझा वापरलास, असं काय काय मनात म्हणत होते. चाळीस वर्षं जिनं तुझं नाव घेतलं तिला तू पळीभर पाणी पचू देत नाहीस, मग तुझ्यापेक्षा माझा वजनकाटा बरा. हेही म्हणाले. आत्याबाई वाचल्या, पण मला त्यात कृपा दिसली नाही. मला फक्त माझी चूक दिसत होती.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, की आता तुम्ही गिळण्याचा उपचार करणाऱ्या मॅडमना दाखवा. त्या दर मंगळवारी सोलापूरहून येतात, घशाची, जिभेची ताकद मोजतात आणि मग व्यायाम देतात. बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं, पण ‘मोजतात’ हा शब्द मी धरून ठेवला. ताकद मोजता येत असेल तर ती वाढली की नाही हेही कळेल, आणि वाढवताही येईल. हे माझ्या ओळखीचं काम होतं. चौकशी केली तर नंबर दोन महिन्यांनंतरचा मिळाला. दोन महिने थांबायची माझी तयारी नव्हती. पुढच्याच मंगळवारी मी आत्याबाईंना रिक्षात घालून धाराशिवला नेलं. कुणीतरी गैरहजर राहील, त्या जागी घुसू, असा सरळ हिशेब होता.

त्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आम्ही दोघी बसलो. दाराशी एक साठी-पासष्टीचे गृहस्थ उभे होते. धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात एक चिठ्ठी. बाकावर जागा असूनही ते बसत नव्हते. बराच वेळ आत्याबाईंच्या नाकातल्या नळीकडे बघत होते.

“कवापासून हाय ही नळी?” त्यांनी विचारलं.

“तीन महिने होत आले,” मी म्हणाले.

“पाळी कितवी?”

“पाळीच नाही. दोन महिन्यांनंतरची दिलीय. बसून बघतो.”

त्यांनी हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. मग म्हणाले, “ही घ्या. अकराची हाय. आमचं माणूस आज येत न्हाय.”

मी हात पुढे केला तसा त्यांनी आपला हात मागे घेतला. चिठ्ठी बाकावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. मला ते झोंबलं. आम्ही काय इतके वाईट आहोत की हातात चिठ्ठी देता येऊ नये? आत्याबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कनवटीची कुंकवाची पुडी काढली, कुणी काही चांगलं केलं की देवीचं कुंकू त्याच्या कपाळाला लावायची त्यांची रीतच आहे, आणि थरथरता हात वर करून त्यांना जवळ बोलावलं. त्यांनी लांबूनच हात जोडले. “आज नगं, आई,” म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा पडला. देवीचं कुंकू नाकारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असणार.

जाता जाता ते माझ्याकडे वळले. “आन बाय, तोंडानं द्यायची येळ यील तवा पाणी देऊ नगा. जवारीच्या पिठाची घट्ट पेज करायची. चमचा तिरका धरायचा. धार लागली तर परत चुलीवर. सावकाश घसरून गोळा पडला तरच द्यायचं.” एवढं बोलून ते गेले. मी त्यांचं नाव विचारलं नाही, आभारही धड मानले नाहीत. मनात होती ती त्या मागे घेतलेल्या हाताची चीड.

अकरा वाजता हाक आली. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आलोय हे मी मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, क्षणभर बघितली, परत दिली आणि म्हणाल्या, “या आजी, बसा.” त्यांच्याकडे मोबाइलपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी होती. तिला बारीक नळी आणि नळीच्या टोकाला भुईमुगाच्या शेंगेएवढा मऊ फुगा. तो फुगा जिभेवर ठेवायचा आणि जिभेनं टाळूकडे जितका जोरात दाबता येईल तितका दाबायचा. डबीवर आकडा येतो. तीनदा दाबायचं, त्यातला मोठा धरायचा. आत्याबाईंचे आले नऊ, अकरा आणि आठ. मग हनुवटीखाली चिकटपट्ट्या लावल्या, आवंढा गिळायला सांगितला. पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. अशा रेघा मी खूप बघितल्या आहेत. आमच्याकडे ती तशी असली की आम्ही त्या पोराच्या घरी जातो.

“कित्ती?” आत्याबाईंनी विचारलं.

“अकरा, आजी.”

“किती पैकी?”

मॅडम हसल्या. “पैकी नसतं यात. मागच्यापेक्षा पुढच्या वेळी जास्त, एवढंच.” मग मला म्हणाल्या, की आकडा म्हणजे सगळं नव्हे. गळा किती वर उचलला जातो, खोकला किती जोरात येतो, हेही मी बघणार. पण आजींचा आकडा निदान दुप्पट झाल्याशिवाय मी तोंडानं काही देऊन बघणार नाही, आणि तोवर तुम्हीही द्यायचं नाही. मी म्हणाले, तीर्थसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात शाळाच भरली. जीभ टाळूला दाबून तीन मोजेपर्यंत धरायची, दहा वेळा. उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलायचं आणि पायाची बोटं बघायची. हनुवटीखाली चेंडू धरून दाबायचा, त्यासाठी अंगणवाडीतला एक लाल चेंडू मी घरी आणला. दिवसातून तीनदा हे सगळं. मी भिंतीवर मुलांचा असतो तसा तक्ता लावला आणि त्यावर आत्याबाईंचा पहिला ठिपका दिला. “म्या काय तुझ्या अंगणवाडीत नाव घातलंय व्हय?” त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. मी म्हणाले, घातलंय, आणि हजेरी रोजची आहे. त्यांनी डोळे वटारले, पण केलं. चिडून केलं, रडून केलं, कधी चेंडू भिरकावून दिला आणि मी तो खाटेखालून काढून परत हनुवटीखाली ठेवला.

त्या पाळीचे पुढचे मंगळवारही मॅडमनी आम्हालाच दिले. पुढच्याच खेपेला तेरा झाले. मग चौदा. मग पुन्हा चौदा. आणि त्यानंतरच्या मंगळवारी बारा. त्या फुग्यावर माझं सगळं जग येऊन थांबलं होतं आणि आकडा खाली आला होता. मी खोलीबाहेर आत्याबाईंना बाकावर बसवलं आणि नको ते बोलले. तुम्हाला बरं व्हायचंच नाही, तुम्ही मनापासून दाबतच नाही, मी मरमर मरतेय. त्या माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. माझी मलाच लाज वाटली, म्हणून उगाच काहीतरी कारण काढून मी परत आत गेले. मॅडम यंत्र पुसत होत्या. काय बोलावं कळेना, तर विचारलं, की आम्हाला चिठ्ठी देणारे ते घोंगडीवाले काका परत आले होते का, त्यांच्या घरच्या कशा आहेत?

मॅडम थांबल्या. “त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? त्यांची पत्नी वारली. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या सहा दिवस आधी.”

त्या सकाळी ते मॅडमना सगळं सांगून गेले होते. वर्षभर त्या माणसानं बायकोला चमच्या-चमच्यानं भरवलं होतं. दोन महिने थांबून तिच्यासाठी पाळी मिळवली होती. ती गेली, आणि सहाव्या दिवशी, घरात माणसं बसलेली असताना, तो उठून धाराशिवला आला होता, का तर तिची पाळी वाया जाऊ नये. कुणाला तरी ती मिळावी. सुतकात होता म्हणून चिठ्ठी हातात दिली नाही, बाकावर ठेवली. सुतकात होता म्हणून बाकावर बसला नाही, देवीचं कुंकू घेतलं नाही. हे सगळे रीतिरिवाज मला माहीत आहेत, मी त्यातच वाढले. पण मला दिसलं काय, तर मागे घेतलेला हात. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि मॅडमसमोर घळाघळा रडले.

बाहेर येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्याच ओघात घटस्थापनेचंही सांगितलं. मी केलेला नवस, त्याची तारीख, त्यासाठी दिलेली पळी, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “तीर्थ म्या मागितलं, तू दिलंस. देवीवर ढकलू नगंस.” आणि थोड्या वेळानं, “सुतकात व्हता त्यो. आन म्या म्हणलं, कसला माणूस हाय.” तेवढ्यात त्या उठायला लागल्या. मी आधार दिला. “आत चल. परत मोज म्हण तिला.” मॅडम म्हणाल्या, “आज थकल्यात आजी, पुढच्या मंगळवारी.” आत्याबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “मग पुढल्या मंगळवारी. तिची पाळी हाय ही. वाया न्हाय घालवायची.”

त्यानंतर मला त्यांना व्यायामाला बसवावं लागलं नाही. मी उठायच्या आत त्या उताण्या पडून पायाची बोटं बघत असायच्या. मोजायलाही मला मनाई झाली. “तुझं एक-दोन-तीन लई घाईचं हाय,” म्हणाल्या. जीभ टाळूला लावून त्या मनातल्या मनात ‘आई राजा उदो उदो’ म्हणायच्या, पुरतं, शेवटच्या उदोपर्यंत. त्याला तीनपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चालेल की, दम लागत नसेल तर उत्तमच. आणि मी? मी देव्हाऱ्यापुढे उभी राहून एकच गोष्ट केली. माझी तारीख मागे घेतली. कधी, कसं, होईल की नाही, ते आता तुझ्याकडे. मोजायचं आणि करवून घ्यायचं तेवढं माझ्याकडे. हे म्हणायला मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. पण म्हणून झाल्यावर कित्येक महिन्यांनी खांदे हलके वाटले. आकडा सतरा झाला, मग दोन आठवडे तिथेच बसला. मी तक्त्यावर ठिपके देत गेले आणि आत्याबाईंना एक शब्द बोलले नाही.

माघातला एक साधा मंगळवार होता. ना सण, ना काही विशेष. आकडा आला चोवीस. रेघ पडद्यावर चांगली उंच उठली. आत्याबाईंना मॅडमनी खोकायला लावलं, गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला लावला, आणि म्हणाल्या, “आज बघूया.” मी दर मंगळवारी पिशवीतून घट्ट पेज घेऊन जात होते, तशीच परत आणत होते. त्या दिवशी डबा उघडला. चमचा तिरका धरला. पेज सावकाश घसरली आणि गोळा पडला. आत्याबाई ताठ बसल्या, हनुवटी खाली घेतली, अर्धा चमचा तोंडात घेतला. मॅडमची बोटं गळ्यावर. मला वाटतं तेव्हा त्या खोलीत श्वास फक्त आत्याबाईच घेत होत्या. गळा वर उचलला गेला. पुन्हा एकदा उचलला गेला. “आता आ म्हणा,” मॅडम म्हणाल्या, कारण काही अडकलं असेल तर आवाज ओला येतो. आत्याबाईंनी ‘आ’ म्हटलंच नाही. त्या म्हणाल्या, “उदो.” आवाज चिरका होता, बारीक होता, पण कोरडा होता.

पुढे काही आठवड्यांनी, पोटभर तोंडानं जाऊ लागल्यावर, नळी निघाली. त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी खुंटीवरची परडी काढली. नवसाची तारीख कधीच हुकली होती, त्यामुळे मला काही फेडायचं नव्हतं, पण आत्याबाईंना अजून फार चालवत नव्हतं आणि जोगवा तर मागायचा होता. पहिल्या दारात माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. इतकी वर्षं ज्यांच्या घरी पोरांची वजनं घ्यायला ताठ मानेनं गेले, त्यांच्या दारात मी टोपली पुढे करून उभी होते. घरातली बाई बाहेर आली, माझ्याकडे बघून आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला आणि मूठभर पीठ घातलं. अशी बेंबळीत चार घरं झाली. आमच्या दारावरून पाचव्याकडे वळले तशी ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंनी हात धरला. “पाचवं त्याचं,” म्हणाल्या.

ती चिठ्ठी मी जपून ठेवली होती. तिच्यावर त्या बाईंचं नाव आणि नळदुर्गजवळचं गाव होतं. आमच्या ह्यांनी शेजारची जीप मागून आणली. हमरस्ता सोडून ढाब्यामागून आत गेलं की मेंढ्यांचा वाडा आणि त्याला लागून दोन खोल्या. काका दारातच होते. आत्याबाईंना त्यांनी आधी ओळखलं नाही, मग त्यांचं लक्ष नाकाकडे गेलं आणि ते उठून उभे राहिले. आत्याबाईंनी माझ्या हातातून परडी घेतली आणि जोगव्याची हाक दिली. पूर्वी वेशीपर्यंत जाणारी ती हाक आता अंगणापलीकडे गेली नसेल.

काका तसेच उभे. “आमच्यात औंदा सण न्हाय, आई,” म्हणाले. “आमच्या घरचं चालंल का?”

“जोगव्याला सण लागत न्हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “उंबरा लागतो.”

ते आत गेले आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत जवारीचं पीठ घेऊन आले. या वेळी बाकावर काही ठेवलं नाही, लांबून काही टाकलं नाही. पीठ परडीत घातलं आणि मान खाली केली. आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. इतक्या महिन्यांचं राहिलेलं.

घरी जाऊन शिजवायचं असा आमचा बेत होता, पण त्यांच्या सुनेनं ऐकलं नाही. पाचही घरचं पीठ तिच्याच चुलीवर शिजलं. मी बरोबर आणलेलं तीर्थ त्यात घातलं, पळीभरच. पेज झाल्यावर सुनेनं वाटी आणली, तर काकांनी ती तिच्या हातातून घेतली. चमचा भरला आणि तिरका धरला. धार लागली. ते उठले, वाटी चुलीकडे घेऊन गेले आणि पुन्हा आटवून आणली. परत चमचा तिरका धरला आणि बघत राहिले. वर्षभराची हाताची सवय होती ती. पेज सावकाश घसरली. मग तो चमचा त्यांनी आत्याबाईंपुढे केला, आणि माझ्या सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या हातून भरवून घेतलं नाही, हनुवटी खाली घेऊन तोंड उघडलं. काकांची नजर त्यांच्या गळ्यावर. गळा वर गेला, खाली आला.

“उतरलं,” ते म्हणाले आणि घोंगड्याच्या टोकानं डोळे पुसले.

मी आजही मोजते. वजनकाट्यावरचा माझा विश्वास तसूभर कमी झालेला नाही, आणि आत्याबाईंचा तक्ता अजून भिंतीवर आहे. त्या डबीवरच्या आकड्यानं आम्हाला कुठं उभे आहोत आणि किती चालायचंय ते दाखवलं, त्याच्याशिवाय आम्ही पुन्हा पळीच उचलली असती. पण त्या खोलीचं दार माझ्या हट्टानं उघडलं नव्हतं. ज्याला आपल्या माणसासाठी काहीच करायचं उरलं नव्हतं अशा एका घरातून ती पाळी आमच्याकडे आली, आणि मी ती चिडून उचलली. देवी अशीच येत असेल तर मी तिला आजवर कितीदा ओळखलं नसेल, कोण जाणे. आता ओळखायचा अट्टहास करत नाही. माझ्या वाट्याचं काम करते आणि बाकीचं तिच्या परडीत टाकते.

ती चिठ्ठी परडीत कवड्यांखाली ठेवली आहे. मंगळवारी परडी उचलताना मी आधी तिला हात लावते, मग कवड्यांना. आत्याबाई ते बघतात आणि मगच मला निघ म्हणतात.